काळ्या चष्म्याआडचे बाबुअण्णा

श्रीरामपूरच्या कोळसा खाणीची पाळी सुटली की तेलंगणातल्या मंचेरियलच्या बाजारात एकच हाक कानावर येते, 'अन्ना!' भाजीवाला अन्ना, रिक्षावाला अन्ना, दुकानदारही अन्नाच. 2016 साली आदिलाबादमधून फुटून आमचा जिल्हा वेगळा झाला, पण घरातली भाषा एक आणि दाराबाहेरची दुसरी, ही जुनी रीत तशीच राहिली. म्हणूनच असेल, नंदा पैठणकरांचं 'प्रिय बाबुअण्णा' हाती आलं तेव्हा मी आधी त्या नावापाशीच थांबले. 'काजळमाया', 'पिंगळावेळ' लिहिणारे जी. ए. कुलकर्णी नंदाताईंसारख्या आपल्या मावसबहिणींसाठी बाबुअण्णा होते. ती हाक कानडी मुलखातली, आणि मला ती थेट आमच्या बाजारातली वाटली.

जीए जन्मले 1923 साली, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्यात. पुढे धारवाडच्या जे.एस.एस. कॉलेजात त्यांनी जवळपास तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर कानडी आणि रात्री कागदावर मराठी. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते दूरच राहिले. सभा-संमेलनांना जायचं नाही, मुलाखतीला उभं राहायचं नाही. फोटोत डोळ्यांवर काळा चष्मा. त्या चष्म्यामुळे वाचकांनी त्यांच्याभोवती गूढ वलय उभं केलं, माणूसघाणा लेखक म्हणून त्यांचं नाव झालं.

मला ते कधीच पटलं नाही, आणि त्यांच्या पत्रांनी तर ते पार खोडून काढलं. 'निवडक पत्रां'चे चार खंड आहेत, त्यातला पहिला सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रं पुढे 'प्रिय जी.ए.' म्हणून आली. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचाव्यात. भेटायला कचरणारा हा माणूस कागदावर किती भरभरून बोलतो! पुस्तकं, चित्रं, बेळगावची माणसं, मनात सलणारं काहीबाही, सगळं येतं. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलेलं, जवळची माणसं एकामागून एक गेलेली, आणि मावसबहिणींना सांभाळत त्यांनी संसार न करताच घर उभं केलं. या घराची गोष्ट नंदाताईंनी सांगितली नसती, तर आपण चष्म्याच्या काचेवरच थांबलो असतो.

पुरस्काराचा किस्सा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 1973 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार 'काजळमाया'ला मिळाला. मग पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं यावरून तांत्रिक वाद निघाला. जीएंनी वाद घालत न बसता पुरस्कार परत केला. अकादमीचा मान किती मोठा, हे त्या काळच्या कुठल्याही लेखकाला सांगावं लागत नव्हतं. तरीही तो सोडला. त्यांच्या कथांमधली माणसं नियतीपुढे हरतात, पण आपला पीळ सोडत नाहीत. हा किस्सा आठवला की मला ती माणसं आठवतात.

माझा सगळ्यात आवडता ऐवज मात्र कथांमधला नाही. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची कादंबरीत्रयी जीएंनी मराठीत आणली : 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. मधल्या पुस्तकाचं मूळ नाव 'द फील्ड्स'. शब्दाला शब्द ठेवणारा 'शेतं' म्हणाला असता. त्यांनी 'शिवार' म्हटलं. शिवार म्हटलं की बांध येतो, पांदण येते, राखणीचं मचाण येतं, माणसाच्या पायांनी मळलेली वाट येते. अमेरिकेतल्या ओहायोचं जंगल तोडून वस्ती करणारी माणसं या एका शब्दासरशी आपल्या मातीवर येऊन उभी राहतात. दिवसभर इंग्रजी शिकवणाऱ्या आणि कानडी गावात राहणाऱ्या प्राध्यापकाच्या ओठांवर हा शब्द जिवंत होता. बाहेर मराठी ऐकू येत नसेल तर आतली मराठी किती जपावी लागते, हे मंचेरियलमध्ये राहून मला थोडंफार कळतं.

अखेरच्या काळात ते धारवाड सोडून पुण्यात आले. 11 डिसेंबर 1987 रोजी तिथेच गेले. 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' त्यानंतरचं. लहानपणच्या गावातली माणसं त्यात येतात.

ते पुस्तक गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या आत्यानं बल्लारशाहून गाडीत बसताना पिशवीत घालून आणलं. सध्या ते आमच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे, 'प्रिय बाबुअण्णा'ला टेकून.