आधी शेपटाला

समजा, निफाड तालुक्यात दोन भावांची एक सामाईक विहीर आहे. थोरल्याची द्राक्षबाग, धाकट्याचा उन्हाळ कांदा. मोटार कोणी किती वेळ चालवायची, यावरून बोलणं बंद झालेलं. कोर्टात गेले तर सरळ वाटणी होईल: आठवड्यातले इतके दिवस याचे, इतके त्याचे. कागदावर कुणाला नाव ठेवता येणार नाही.

आता कुणीतरी ‘पाणी किती हवं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘पाणी कधी हवं’ असं विचारलं तर? फेब्रुवारी-मार्चात कांदा पोसत असतो, त्याला पाणी तोडून चालत नाही. त्याच सुमारास द्राक्षात गोडी उतरत असते आणि बागेचं पाणी कमी करायचं असतं. एप्रिलमध्ये कांदा काढणीला येतो, त्याचं पाणी आधीच थांबवलेलं. इकडे काढणी संपलेल्या बागेची खरड छाटणी होते, नवी फूट येते आणि ऐन उन्हाळ्यात बाग पाणी मागते. एकाची तहान भागते तिथं दुसऱ्याची सुरू होते. ही दिनदर्शिका दोघांना तोंडपाठ आहे. दोघांची एकाशेजारी एक मांडून पाहणारं मात्र घरात कुणी नाही.

हे मांडून पाहण्याचं काम शिकवता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं. समजूत काढणं हा स्वभाव असतो, अंगात असावा लागतो, अशीच आपली कल्पना. पण सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली मध्यस्थीसाठी एक समिती नेमली आणि पुढे देशभर वकिलांना आणि न्यायाधीशांना मध्यस्थ होण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. किती तासांचं? चाळीस.

या चाळीस तासांत कायदा फार थोडा असतो. बराचसा वेळ जातो नाटकात. एक वकील रुसलेली बहीण होतो, दुसरा वाटणी नाकारणारा भाऊ, तिसरा मध्यस्थ. बाकीचे बघतात आणि मध्यस्थ कुठे चुकला ते नंतर सांगतात. तो बहुतेक एकाच ठिकाणी चुकतो: तोडगा लवकर सुचवतो. वकिलाची सवयच तशी. उलटतपासणीत उत्तर ठाऊक असलेलाच प्रश्न विचारायचा, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. इथे उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारायचा असतो, आणि मग गप्प बसायचं असतं. पट्टीच्या वकिलाला हे गप्प बसणं किती जड जात असेल, याची कल्पना करून मला हसू येतं.

बसायची जागासुद्धा शिकवतात. टेबल शक्यतो गोल, म्हणजे दोन बाजू समोरासमोर ठाकत नाहीत. आधी सगळे एकत्र बसतात, मग मध्यस्थ एकेकाला वेगळं भेटतो. या खासगी बैठकीत सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या परवानगीवाचून पलीकडे जात नाही. तिथेच विचारायचा एक प्रश्न फार कामाचा असतो: समजा, निकाल तुमच्या विरुद्ध लागला, तर? माणूस वर्षानुवर्षं खटला लढवतो आणि हा प्रश्न त्याने स्वतःला एकदाही विचारलेला नसतो.

‘कधी हवं’ आणि ‘कशासाठी हवं’ या प्रश्नांना शंभर वर्षांमागचा एक आधार आहे. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने 1925 साली ग्रंथालयातला एक साधा प्रसंग सांगितला. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, यांना अंगावर वारा नको होता; खिडकीचं तसं कुणालाच काही नव्हतं.

आपल्याकडेही या विषयाची भाषा जुनी आहे, फक्त आपण ती विसरलो. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. मराठेशाहीत तो वाद गोतसभेपुढे, म्हणजे न्यायासाठी जमलेल्या गावसभेपुढे, आला की दोन्ही पक्षांनी आधीच लिहून द्यायचा कागद होता: तुम्ही द्याल तो निवाडा मान्य. राजी असल्याचा नामा. निकालानंतर हरणारा यजितखत लिहून देई, म्हणजे हार कबूल केल्याचं पत्र. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे निर्णयाच्या कागदावर, जमलेल्या गावकऱ्यांच्या निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगराची, बलुतेदारांच्या त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या. न्याय अख्ख्या गावाने पाहिला, याची ती सहीच. अर्थात त्या गोतात जात होती, वतन होतं, आणि ज्याचं वजन कमी त्याचा आवाजही कमी. आजच्या मध्यस्थीत यजितखत नाही. हार कुणी कबूल करायचीच नसते.

ही परंपरा सरकारला आठवली ती 2007 साली. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, बांधाचे, वाटेचे, घरगुती तंटे गावातच मिटवायचे. गंमत म्हणजे जुने तंटे मिटवण्याबरोबर नवे होऊ नयेत म्हणून केलेल्या कामालाही मोहिमेत गुण होते. न झालेल्या भांडणाला गुण!

न झालेलं भांडण पाहायचं तर बागलाणात जावं. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी आणि पलीकडे धुळ्याच्या पांझरेवर फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, ते फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. मला थक्क करतं ते पुढचं: पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. पाऊस कमी झाला की सगळ्यांना थोडं थोडं पाणी देऊन सगळ्यांचीच पिकं वाळवायची नाहीत. एखादा फड कोरडा ठेवायचा, बाकीचे नीट भिजवायचे. कोरड्या फडात ज्याचा तुकडा आहे, त्याचा दुसरा तुकडा ओल्या फडात असतो. दुष्काळ असा वाटून घेतला की ‘माझंच का?’ हा प्रश्न उरत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. दोन शेतकऱ्यांनी पाटावर रात्री फावडी घेऊन समोरासमोर यायचा प्रसंगच ठेवलेला नाही.

नव्या कालव्यांवर ही शहाणीव आपोआप आली नाही. धरणाजवळचा, म्हणजे मुखाचा शेतकरी पाणी मन मानेल तसं घेतो आणि कालव्याच्या टोकाला, म्हणजे शेपटाला, चारी कोरडी, हे दुखणं महाराष्ट्रभर. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर हे गाव शेपटाला येतं. तिथे समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे वाघाडवर अशा चोवीस संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचं पाणी शेतकरीच सांभाळू लागले.

शेतकऱ्यांनी तिथे शिकलेली पहिली गोष्ट होती मोजणं. पाणी एकरावर न घेता घनमापाने घ्यायचं, किती आलं ते मोजून नोंदवायचं. आकडा सगळ्यांसमोर आला की ‘वरच्यांनी चोरलं’ या वाक्यातला जीव जातो. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा राज्याचा कायदा 2005 साली आला. त्यानुसार संस्थेच्या संचालकांत मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांचे प्रतिनिधी सारखे असतात. भूगोलालाच मतदारसंघ केलं म्हणायचं.

मध्यस्थीलाही केंद्रीय कायदा मिळाला तो 2023 साली. त्यात मध्यस्थी 120 दिवसांत उरकायची आणि लागलेच तर आणखी 60 दिवस, अशी मुदत आहे. पण मला त्यातलं सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण वेधक वाटतं. परिसराची शांतता बिघडवू शकणारा वाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे नेता येतो. आणि तिथे झालेला समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही, असं कायदाच सांगतो. शिक्का नाही, जप्ती नाही. टिकला तर केवळ दोन्ही बाजूंना टिकवायचा आहे म्हणून टिकेल.

कालव्यावरच्या माणसांना हे ऐकून फार आश्चर्य वाटणार नाही. शेजपाळीत, म्हणजे पाळीपाळीने पाणी देण्याच्या पद्धतीत, पाणी आधी शेपटाला जातं, मग सरकत सरकत मुखाकडे येतं. चारीचं दार उघडल्यावर पाणी पहिल्यांदा मुखाच्या शेतकऱ्याच्या बांधावरूनच वाहतं. त्याचं पीक सुकत असतं, फावडं हातात असतं, चारी दोन पावलांवर असते. तो पाणी पुढे जाताना बघत उभा राहतो.