आषाढातली वाट : पन्हाळा ते पावनखिंड

पावनखिंडीच्या लढाईचा स्मृतिदिन वर्षातून तीन वेगवेगळ्या दिवशी पाळता येईल आणि तिन्ही दिवस बरोबर ठरतील. पहिला १३ जुलै, सगळ्यांना ठाऊक असलेला. दुसरा आषाढ वद्य प्रतिपदा, म्हणजे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा. २०२४ साली ही तिथी २२ जुलैला आली, २०२५ साली ११ जुलैला. तिसरा दिवस मात्र फारसा कुणी पाळत नाही. तो आहे २३ जुलै. १६६० साली इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते आणि ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे चालायचं. शिवकाळाच्या तारखा आपल्या इतिहासकारांनी त्याच जुन्या पद्धतीने दिल्या. शिवजयंतीची १९ फेब्रुवारीही तशीच. त्यामुळे शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती १२ जुलै १६६० ची रात्र ऋतूच्या हिशेबाने आजच्या २२ जुलैची रात्र होती. मागे मोजत गेलं की त्या रात्री चंद्र पूर्ण होता हेही जुळतं, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या रात्रीचं आभाळ असं गणिताने हाती लागतं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

या दहा दिवसांच्या फरकाला सह्याद्रीत फार किंमत आहे. जुलैच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या पश्चिमेची माती अजून पाणी पीत असते. महिना सरत येतो तोवर तिची तहान भागलेली असते. पडेल तो थेंब वाहायला लागतो, ओढे भरतात, पायवाटांचेच ओहोळ होतात. पन्हाळ्यावरून निसटायला निवडलेली रात्र ही अशी होती.

मागची हकिकत थोडक्यात सांगतो. मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. सोबत अफजलखानाचा मुलगा फाजलखान होता. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन वेढ्यात सामील झाला. बाहेरून वेढा फोडायचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल ही आशा होती, पण सिद्दीने पावसातही मोर्चे हलवले नाहीत. चार महिने झाले. मग तहाची बोलणी सुरू करून, पहारा थोडा सैल पडला त्या रात्री, महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडून विशाळगडाकडे निघाले. परंपरा ही संख्या सहाशे सांगते. शिवा काशीद यांनी महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीतून शत्रूला चकवलं आणि त्यापायी प्राण दिले, हेही परंपरेनेच जपलं आहे. त्यांची समाधी पन्हाळ्यालाच आहे.

आता दर जुलैत काय घडतं ते पाहू. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, मुंबई अशा ठिकठिकाणच्या मंडळांची, गिर्यारोहण संस्थांची, कॉलेजांची माणसं पन्हाळ्यावर जमतात. खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातला जातो, शिवा काशीदांच्या समाधीपाशी माथा टेकला जातो, आणि भगवा पुढे धरून रांग राजदिंडीच्या बाजूने उतरू लागते. तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठाराची चढण. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पांढरेपाणी. पन्नासएक किलोमीटरची ही वाट बहुतेक जण दोन दिवसांत चालतात. उजेडात, पायात चांगले बूट घालून, वाटेत मुक्काम करून. करपेवाडी-आंबेवाडीच्या आसपास पोचेपर्यंत तरण्याताठ्या पोरांच्याही पोटऱ्या भरून येतात. नेमकं तिथेच डोक्यात लख्ख पडतं की मावळ्यांनी हेच अंतर एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसाच्या काही प्रहरांत तोडलं, मागे सिद्दी जौहरने पाठलागावर धाडलेल्या सिद्दी मसूदची फौज असताना, पालखी खांद्यावर घेऊन, आणि मुक्कामाला पोचल्यावर त्यांच्या वाट्याला लढाई आली.

असा स्मृतिदिन मला दुसरीकडे क्वचितच दिसतो. भाषणं इथेही होतात, पोवाडे होतात, लाठी-दांडपट्ट्याची प्रात्यक्षिकंही होतात. पण मूळ विधी आहे चालण्याचा, तोही त्याच ऋतूत आणि त्याच मातीत. तिथे चालणाऱ्याला या लढाईतल्या अशा कितीतरी गोष्टी कळतात, ज्या बखरीच्या चार ओळींत मावत नाहीत.

मसाई पठारच घ्या. काळ्या बेसॉल्टवर जांभ्या दगडाचं झाकण बसून तयार झालेली ही सपाटी मैलोन्मैल पसरली आहे. जुलैत तिच्यावर नुकतं कोवळं गवत आलेलं असतं, खळग्यांत पाणी साचलेलं असतं आणि ढग जमिनीला टेकून सरकत असतात. दहा पावलांपुढचा माणूस दिसेनासा होतो. उघड्या पठारावर आडोसा नाही, म्हणून पळणाऱ्याला हे ठिकाण सगळ्यात धोक्याचं. पण ढग उतरले की तोच त्याचा आडोसा होतो. वर पौर्णिमेचा चंद्र असेल तर ढगांतूनही एक पुसट, सावली न पाडणारा उजेड झिरपत राहतो: मशाल न पेटवता पाऊल टाकता येईल इतका, दुरून माणूस ओळखू येणार नाही इतकाच. गवत आणि जांभा पायाखाली असल्यामुळे इथे वेगही धरता येतो. पठार उतरलं की चिखल सुरू होतो आणि वेगाचं सगळं गणित बदलतं. वाट भाताच्या खाचरांमधून, बांधांवरून आणि ओढ्यांतून जाते. पाऊल घोट्यापर्यंत रुततं. घोड्याचं काय होत असेल याची कल्पना तिथे उभं राहिल्यावर येते. पाठलाग करणाऱ्याची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे घोडे, आणि ती बाजू आषाढाने निम्मी करून टाकली होती.

बंदुकांचंही तसंच. त्या काळची बंदूक तोड्याची. जळता तोडा कानावरच्या दारूला टेकला की बार उडायचा. मुसळधार पावसात तोडाही विझतो आणि दारूही भिजते. म्हणजे लढाई तलवार, भाला आणि विटा (दोरी बांधलेला भाला) यांच्यावर येते, आणि अशा लढाईत जागा अरुंद असली की संख्येचा उपयोग संपतो. मागे हजार माणसं असोत, पुढच्या चारांनाच हात चालवता येतो.

ती अरुंद जागा म्हणजे घोडखिंड, पुढे जिला पावनखिंड म्हणू लागले. गजापूरजवळ, कासारी नदीच्या उगमाच्या भागातली ही घळ. आता तिच्यात उतरायला लोखंडी शिडी आहे. जुलैत खाली उतरणाऱ्याचे पाय वाहत्या पाण्यात पडतात, दोन्ही बाजूंना निथळणारे कातळ आणि झाडी. हिरडस मावळातून आलेले बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल घराण्याचे लोक शत्रूला अडवायला इथे थांबले. महाराज उरलेले मावळे घेऊन दहा-बारा किलोमीटरवरच्या विशाळगडाकडे निघाले. तिथेही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा पडलेला होता, तो फोडूनच वर जायचं होतं. गडावर पोचल्याची खूण तोफेच्या आवाजाने द्यायची असं ठरलं होतं, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली समज खिंडीत उभं राहिल्यावर उमगते. धुक्यात निशाण दिसणार नाही, जाळही दिसणार नाही. आवाजाला मात्र धुकं अडवत नाही. किलोमीटरमागे साधारण तीन सेकंद घेत तो दऱ्याखोऱ्यांतून येत राहतो, आणि तोफेचा खर्जातला आवाज तर फार दूर पोचतो. आषाढात त्या मुलखात विश्वासाची खूण एवढी एकच होती.

बाजीप्रभू पडले. बांदलांचे जे लोक पडले त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याकडे नाहीत. पण त्यांच्या मोलाची नोंद राहिली आहे. दरबारातल्या मानाचं पहिलं पान तोवर महाराजांचे साथीदार कान्होजी जेधे यांच्या घराण्याकडे होतं; या लढाईनंतर ते बांदलांना दिलं गेलं, जेध्यांच्या संमतीने. जेधे आणि बांदल यांचं एके काळी हाडवैर होतं हे लक्षात घेतलं की ती संमती केवढी मोठी होती ते कळतं. स्मृतिदिनाच्या भाषणांत हा प्रसंग जितका यायला हवा तितका येत नाही, असं माझं मत आहे.

या वाटेवरच्या वाड्यांबद्दलही लोक कमी बोलतात. चालणारे येतात ते नेमके रोप लावणीच्या दिवसांत. घरातली माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात. तरी रात्री ओसरीवर, शाळेच्या खोलीत, देवळात परक्या माणसांना जागा मिळते, चुलीवरची भाकरी मिळते, ओले कपडे वाळवायला आगटीची ऊब मिळते. या आदरातिथ्याशिवाय ही मोहीम एक वर्षही चालली नसती. त्यामुळे गर्दी वाढू लागल्यावर बांध तुडवणं, प्लॅस्टिकच्या बाटल्या ओढ्यात टाकणं, रात्री-अपरात्री ध्वनिक्षेपक लावणं हे मला निव्वळ अस्वच्छतेचं किंवा गोंगाटाचं वाटत नाही. तो त्या घरांचा अपमान आहे. पुष्कळ गट आता जाताना कचरा सोबत घेऊन उतरतात. ते सगळ्यांनीच करायला हवं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे. विशाळगड नाही, आणि दोघांना जोडणारी ही वाटही नाही. बुरूज आणि तटबंदी यांचं मोजमाप करता येतं, नकाशावर त्यांना कुंपण घालता येतं. वाटेचं तसं नसतं, ती चालणाऱ्यांच्या पायांनी टिकते. हिचे काही तुकडे आता डांबराखाली गेले आहेत, काही शेतांच्या हद्दींत मिसळून गेले आहेत. जुन्या पायवाटा ठाऊक असलेली म्हातारी माणसं वाड्यावाड्यांतून अजून आहेत. त्यांना सोबत घेऊन पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतची वाट पावलापावलाने नोंदवून ठेवण्याचं काम या मंडळांनी हाती घ्यावं. पुढच्या आषाढाची वाट त्यासाठी बघायला नको. दिवाळीनंतर धुकं निवळतं, चिखल वाळतो आणि मसाई पठारावरून पुढच्या डोंगररांगा स्वच्छ दिसू लागतात.