नवे ग्राफिक्स कार्ड आणि काळा पडदा

नवे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरील चित्र घडवणारा स्वतंत्र घटक, बसवल्यावर पंखे फिरतात पण मॉनिटर काळाच राहतो, तेव्हा कार्ड सदोष असल्याचा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. दुरुस्तीसाठी भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटरवरचे नागपूर गाठण्यापूर्वी काही गोष्टी घरीच तपासता येतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जुन्याच पोर्टमध्ये राहून गेलेली असू शकते, आणि स्वतंत्र कार्ड आढळताच अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधील अंगभूत चित्रव्यवस्था बंद करीत असल्याने केबल कार्डाच्याच पोर्टला जोडावी लागते.

खरी मेख विजेत असते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट, म्हणजे कार्ड बसते ती खाच, कमाल ७५ वॅट पुरवते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून स्वतंत्र तार हवी, जी सहा पिनांची असल्यास ७५ आणि आठ पिनांची असल्यास १५० वॅटपर्यंत वाहते. प्रोसेसरची आठ पिनांची तार तशीच दिसते, परंतु तिची ध्रुवता उलट असल्याने ती जोर लावून बसवणे घातक ठरते.

पावसाळ्यात वैनगंगेकाठच्या दमट हवेला दोष देऊन नव्या कार्डाच्या संपर्कपट्ट्या खोडरबराने घासणे मात्र व्यर्थ होय, कारण भंडाऱ्याचे प्रसिद्ध पितळ काळवंडते तसा त्या पट्ट्यांवरील सोन्याचा मुलामा काळवंडत नाही. त्यापेक्षा वीज बंद करून कार्ड खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवावे. तरीही चित्र न आल्यास जुन्या मदरबोर्डचे बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली, अद्ययावत करावे लागू शकते.