‘आई किती खंबीर आहे’ म्हणून भागत नाही

मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेलं, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल ज्या घरात वाढतं, त्या घराला कौतुक भरपूर मिळतं. मदत मात्र मिळत नाही. त्याला वाईट मनापेक्षा चुकीची माहिती जास्त जबाबदार आहे.

सर्वात जुना आणि सर्वात क्रूर समज आईच्या माथी मारलेला असतो: गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, चाकूने भाजी चिरली, म्हणून बाळ असं झालं. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुरणारे त्यांचे आईवडीलच होते आणि मूल बरं व्हावं म्हणूनच ते हे करत होते. वस्तुस्थिती अशी की वाढत्या मेंदूला झालेली इजा हे सेरेब्रल पाल्सीचं कारण. ती बाळ पोटात असताना होते, जन्माच्या वेळी होते किंवा जन्मानंतर लवकरच. फार लवकर झालेला जन्म, अगदी कमी वजन, गर्भातला संसर्ग, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, वेळेवर उपचार न झालेली तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी कारणं सापडतात. पुष्कळदा एकच एक कारण सापडतही नाही. ‘बाळंतपण नीट झालं नाही’ हे उत्तरही दर वेळी पुरत नाही. मनोविश्लेषणासाठी ओळखला जाणारा सिग्मंड फ्रॉइड आधी मुलांच्या मेंदूविकारांवर काम करायचा. अवघड प्रसूती हे कधी कधी कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचं लक्षण असावं, असं त्याने 1897 मध्येच लिहून ठेवलं आहे.

आईला दोषी ठरवलेल्या घरात पुढचं सगळं बिघडत जातं. मूल लग्नकार्याला नेलं जात नाही, अंगणवाडीतल्या तपासणीच्या दिवशी आतल्या खोलीत राहतं. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलं, म्हणजे प्रत्येक तालुक्यात अशी घरं आहेत. तरी ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ असं गावं छातीठोकपणे सांगतात.

दुसरा समज महागात पडतो: पैसे ओतले की मूल पूर्ण बरं होईल. मेंदूची मूळ इजा वाढत नाही, पण ती पुसलीही जात नाही. स्टेम सेलच्या नावाखाली घरं गहाण पडतात. भारताच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, ठरावीक रक्तविकारांसारखे मोजके आजार सोडले तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार देता येत नाहीत. नातेवाइकांनी वर्गणी काढून पाठवायचंच असेल, तर फिजिओथेरपीला जायच्या रिक्षाभाड्याला पाठवावं.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे ‘आता काही उपयोग नाही’. इजा स्थिर असली तरी शरीर वाढत असतं. स्नायू आखडतात आणि साधारण एक तृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो. ठरलेल्या वेळी एक्स-रे काढला तर ते आधी कळतं. बाळ मान धरत नाही, एकाच हाताने खेळतं, पाय कात्रीसारखे जुळवतं, असं दिसलं तर ‘मुलगे उशिराच चालतात’ म्हणत थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते.

बोलणं अस्पष्ट, तोंडातून लाळ, हात थरथरतात, म्हणजे बुद्धी कमी, असं लोक धरून चालतात. साधारण निम्म्या मुलांमध्ये बौद्धिक अपंगत्व नसतं. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली (तिचं आजचं नाव ‘अडॅप्ट’), ती मुलगी मालिनी चिब हिला साजेशी शाळा मिळेना म्हणून. मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये पुढे शिकल्या आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. अर्थात, ज्या मुलाची बुद्धी खरोखर मंद आहे, त्याच्या घरालाही मदत तितकीच हवी असते. हुशारी ही मदतीची अट होऊ नये.

मदतीबद्दलचा गैरसमज मात्र सर्वात चिवट आहे. मदत म्हणजे तज्ज्ञांचं काम, आपण काय करणार? लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने 2013 च्या सुमारास बांगलादेशात पालकांच्या गटांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जुन्या अभ्यासक्रमावर ते आधारलेलं आहे. गावातल्या आया एकत्र बसतात आणि मुलाला कसं धरायचं, कसं बसवायचं, कसं भरवायचं ते शिकतात. मूल उताणं आणि मान मागे असताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, वारंवार छातीचा संसर्ग होतो. बसतं करून, हनुवटी किंचित खाली घेऊन भरवलं तर धोका कमी होतो. हे शिकायला पदवी लागत नाही. शेजारच्या काकूंना, आत्याला, आजोबांनाही ते जमतं. आणि त्यांना भरवता येऊ लागलं, तरच आईला दोन तास बाहेर पडता येतं. आपल्याकडे हेच कोणी शिकून घेत नाही. ‘तुझ्याशिवाय तो खातच नाही बाई’ हे वाक्य मायेने म्हटलं जातं, पण ते आईला घरात डांबतं. वडिलांनी पाच वर्षांत एकदाही कॅलिपर चढवलेला नसतो, अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

सवलती म्हणजे भीक, हाही समज आहेच. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या, किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. जिल्हा रुग्णालयातली रांग, पुन्हा पुन्हा घालायचे हेलपाटे, कडेवर मोठं झालेलं मूल: सोबत जाऊन रांगेत उभं राहणारा माणूस इथे कोणत्याही सहानुभूतीपेक्षा मोलाचा.

मूल अठरा वर्षांचं झालं की कागदपत्रांचा नवा घोळ सुरू होतो. बँकेत वा कचेरीत ‘पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा’ म्हणून परत पाठवतात. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नातेवाईक अर्ज करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही. पण प्रत्येकालाच पालक लागतो, हे खरं नाही. 2016 चा तोच कायदा अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता देतो. सही थरथरत असेल, तरी खातं त्याच्या स्वतःच्या नावाने चालू शकतं.