संकटकाळ आणि ग्रामपंचायतीचे मतदान

असे समजा की गावात साथ पसरली आहे, किंवा नदीने पात्र सोडले आहे, आणि नेमकी त्याच वेळी ग्रामपंचायतीची मुदत संपत आली आहे. पारावर बसलेला एकजण म्हणतो, "अहो, इथं जिवाची पडलीय, निवडणूक कसली घेऊन बसलात?" त्याचे म्हणणे काही खोटे नाही. पण शेजारचा लगेच विचारतो, "मग मदतीची यादी कोण करणार? पाण्याचा टँकर कोणी मागवायचा? आणि चुकलं तर जाब विचारायचा कुणाला?" हेही तितकेच खरे. या दोघांच्या बोलण्याचा मेळ कसा घालायचा, तो विचार आज करू.

आधी कायदा काय सांगतो ते पाहा. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने घातलेल्या २४३-ई या अनुच्छेदात पंचायतीची मुदत पाच वर्षे सांगितली आहे. आणि त्याहून अधिक नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. ही मुदत संपण्याच्या आत निवडणूक पुरी व्हायला हवी. पंचायत मध्येच बरखास्त झाली, तर सहा महिन्यांच्या आत.

आता गंमत अशी की लोकसभेला एक सवलत आहे. आणीबाणी पुकारलेली असेल तर संसद कायदा करून लोकसभेची मुदत एकेका वर्षाने वाढवू शकते. १९७१ साली निवडून आलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये अशीच वाढवली गेली, आणि मतदान झाले ते मार्च १९७७ मध्ये. पंचायतीला मात्र घटनेने अशी वाढीव मुदत ठेवलेली नाही. पाच वर्षे भरली की सरपंच आणि सदस्य यांचा अधिकार संपला. मग संकट असो वा नसो.

पण समजा, मतदान घेणे खरोखरच अशक्य झाले तर? हा प्रश्न अहमदाबाद महानगरपालिकेच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २००६ साली न्यायालयाने निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: वेळेवर निवडणूक घेणे हे राज्य निवडणूक आयोगाचे कर्तव्य आहे. नैसर्गिक आपत्ती किंवा दंगलीसारखे खरेखुरे अडथळे आले तरच ती लांबावी. मतदारयाद्या आणि प्रभाग यांची कामे आयोगाने आधीच उरकावीत. त्यांची सबब चालायची नाही. थोडक्यात, संकट असेल तर थांबता येते, पण संकटाच्या नावावर स्वस्थ बसता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राला याचा अनुभव २०२० साली आला. मार्च महिन्यात कोरोनाची साथ सुरू झाली आणि आयोगाने जाहीर झालेल्या निवडणुका स्थगित केल्या. पुढे वर्षभरात हजारो पंचायतींची मुदत संपत गेली. तेव्हा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तिथे प्रशासक नेमण्याची सोय केली. हा प्रशासक कोण असावा, गावातला खाजगी माणूस की सरकारी अधिकारी, यावर मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर ठिकठिकाणी विस्तार अधिकाऱ्यांसारखे सरकारी अधिकारीच कारभार पाहू लागले.

आता प्रशासक म्हणजे काही वाईट माणूस नव्हे. तो सही करतो, बिले देतो, दिवाबत्ती चालू ठेवतो. पण तो तुमच्या आळीतला नसतो. एकेका अधिकाऱ्याकडे अनेक गावे असतात. कोणाच्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणत्या वस्तीवर रस्ता तुटला की धान्य पोचत नाही, हे वॉर्डातल्या सदस्याला न विचारता ठाऊक असते. आणि मुख्य गोष्ट ही की सदस्याला पाच वर्षांनी पुन्हा तुमच्या दारात यायचे असते. संकटात गावाला अशाच माणसांची अधिक गरज लागते. म्हणून प्रशासक ही तात्पुरती टेकू आहे. तिला घराचा खांब समजू नये.

मग महाराष्ट्राने मार्ग काय काढला? साथ थोडी ओसरल्यावर १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले. तोंडाला मास्क, हाताला जंतुनाशक आणि रांगेत अंतर ठेवून लोक मोठ्या संख्येने आले. त्याआधी महिनाभर, डिसेंबर २०२० मध्ये, केरळने आपल्या स्थानिक संस्थांची निवडणूक तीन टप्प्यांत घेतली. जे आजारी होते किंवा विलगीकरणात होते त्यांच्यासाठी खास मतपत्रिका काढल्या. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी ३ नंतर ज्यांचा आजार कळला, त्यांना अगदी शेवटी, संरक्षक पोशाख घालून केंद्रावर मत देता आले. म्हणजे आजारी माणसाचे मतही गेले नाही आणि इतरांचा जीवही धोक्यात आला नाही.

पण बंधुभगिनींनो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती गुरुजींनी आणि बाईंनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. उत्तर प्रदेशात पंचायतींचे मतदान एप्रिल २०२१ मध्ये चार टप्प्यांत झाले. त्याच दिवसांत साथीची दुसरी लाट उसळली होती. न्यायालयाने घालून दिलेली मुदत होती, कार्यक्रम ठरला होता, आणि तो पुढे रेटला गेला. त्या कामावर गेलेले १,६२१ शिक्षक व शाळा कर्मचारी दगावले, असे तिथल्या शिक्षक संघटनेने सांगितले. सरकारने सुरुवातीला तीनच मृत्यू मानले. पुढे नियम बदलून, निवडणुकीच्या कामानंतर ३० दिवसांच्या आत कोरोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत देण्याचे ठरले. आकड्यांचा वाद बाजूला ठेवा. मतपेटीजवळ बसलेला माणूसही कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

तेव्हा निवडणूक घ्यावी की थांबवावी, याचे एकच उत्तर सर्वकाळ लागू पडत नाही. प्रत्येक वेळी काही गोष्टी पडताळून पाहाव्या लागतात. संकट सगळ्या राज्यावर आहे की चार तालुक्यांवर? पूर एका खोऱ्यात असेल तर दुसऱ्या खोऱ्यातले मतदान का अडवायचे? पुढे ढकलण्याचे कारण लेखी दिले आहे का, आणि परिस्थितीचा पुन्हा आढावा केव्हा घेणार ते सांगितले आहे का? शाळेच्या खोल्यांना हवा-उजेड आहे का, कर्मचाऱ्यांना औषधोपचाराची आणि मोबदल्याची हमी आहे का? आजारी व स्थलांतरित मतदारांची सोय कोणी पाहिली? ही उत्तरे समाधानकारक असतील तर मतदान घ्यावे. नसतील तर थांबावे, पण तारीख डोळ्यांसमोर ठेवून.

कारण एकदा गाडी थांबली की ती पुन्हा हलवणे जड जाते. महाराष्ट्रात २०२२ साली मुदत संपलेल्या कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. तेथे साथीचे कारण उरले नव्हते. आरक्षणाचा आणि प्रभागांचा तंटा होता. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले.

आपल्या हाती काय आहे, असे विचाराल, तर बरेच आहे. प्रभागवार मतदारयादी प्रसिद्ध झाली की आपले नाव पाहा. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्या. यादी स्वच्छ असली की संकट सरताच मतदान लवकर लावता येते. दुसरे, पंचायतीची मुदत संपली तरी ग्रामसभा संपत नाही. ती सगळ्या मतदारांची आहे. सभा भरवता येईल तेव्हा जा आणि प्रशासकाकडे खर्चाचा हिशेब मागा. आणि गुरुजी, तुम्ही मुलांना एवढेच शिकवा, की पूर उतरतो, साथ जाते, पण आपण विचारायचे सोडले तर हातचा गेलेला कारभार आपोआप परत येत नाही.