समुद्र नव्हे, चेहरा मोजा

माझ्या टेबलाच्या खणात मे महिन्यातल्या जुहूचा एक कृष्णधवल फोटो आहे. 1978 सालचा. मागे संध्याकाळच्या उन्हात चकाकणारा समुद्र आणि पुढे घोटाभर पाण्यात उभी असलेली माझी आजी. ती साताऱ्याकडून सुट्टीत आमच्याकडे आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहत होती. एका हाताने लुगडं वर धरलेलं, दुसऱ्या हातात चपला. लाटा छान आल्या आहेत, फेस छान आला आहे. फक्त आजीचा चेहरा नाही. तिथे काळा डाग आहे.

कॅमेरा मामाचा, उसना आणलेला. त्यात उजेड मोजणारी सुई होती. सुई मधोमध आली की बटण दाबायचं, एवढं मामाने शिकवलं होतं. मी तसंच केलं. आजी म्हणाली, ‘‘झालं का रं? डोळं दिपाया लागलं.’’ पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तिचा एकटीचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

चूक सुईची नव्हती, फिल्मचीही नव्हती. चूक माझी होती, पण ती समजायला मला काही वर्षं लागली. उन्हाळ्यात किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ती येते, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

कॅमेऱ्यातल्या सुईला आजी कोण, समुद्र कोण, हे कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण 18 टक्के उजेड परत पाठवतं आहे, असं ती धरून चालते. घरात, बागेत, रस्त्यावर हा हिशेब बरोबर येतो. किनाऱ्यावर मात्र पाणी, ओली वाळू आणि आभाळ हे तिन्ही उजेड परत फेकत असतात. सुई घाबरते आणि सांगते, उजेड फार आहे, कमी आत घ्या. आपण ऐकतो. मग पांढरा फेस करडा होतो आणि माणसं कोळशासारखी येतात. त्यातून आपली माणसं उन्हाळ्यात किनाऱ्यावर नेहमी सावलीतच असतात. कुणी डोक्यावरून पदर घेतलेला, कुणी टोपी घातलेली, कुणी कपाळावर हात धरलेला. जुहूला तर समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागेच सूर्य असतो.

आता निगेटिव्हकडे येऊ. तिथे सगळं उलटं असतं. जिथे उजेड पडतो तिथे चांदीचे काळे कण तयार होतात. जिथे उजेड पोचत नाही तिथे फिल्म पारदर्शक राहते. लाट जरा जास्त काळी झाली तरी छापताना तिथे जास्त वेळ उजेड देऊन ती सावरता येते. पण माझ्या निगेटिव्हवर आजीचा चेहरा कोऱ्या काचेसारखा आहे. तिथे काही नोंदलंच गेलं नाही, तर छापणार काय? म्हणून जुनी जाणती मंडळी सांगत, एक्स्पोजर सावली पाहून द्यावं आणि डेव्हलपिंग उजेड पाहून करावं.

हे करायचं कसं? उन्हातल्या माणसासाठी साधा नियम आहे. ॲपर्चर 16 वर ठेवा आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. फिल्म 125 ची असेल तर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. लखलखीत किनाऱ्यावर ॲपर्चर 22. पण सूर्य माणसाच्या मागे असेल तर हा नियम विसरा. आपला तळहात कॅमेऱ्यासमोर असा धरा, की त्याच्यावरही चेहऱ्यावर आहे तशीच सावली असेल. मोजणी त्या तळहाताची करा. तळहात मध्यम करड्यापेक्षा उजळ असतो, म्हणून आलेल्या मोजणीपेक्षा दुप्पट उजेड आत घ्या. समुद्र पांढरा झाला तर होऊ द्या.

घरी आल्यावर दुसरं काम. डेव्हलपर सावलीतला भाग लवकर पुरा करतो, उजेडाचा भाग मात्र शेवटपर्यंत काळा होतच राहतो. म्हणून किनाऱ्यावरच्या रोलला मी नेहमीपेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी वेळ देतो. लाटा आटोक्यात राहतात, चेहरा शाबूत राहतो. डेव्हलपर 20 अंश सेल्सिअसवर लागतो आणि मे महिन्यात मुंबईच्या नळाला पाणी येतं चांगलं कोमट. मग घराजवळच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणून बादलीत बाटली थंड करायची. त्याला अजून वाटतं, आमच्याकडे सरबत फार होतं. आणखी एक खबरदारी. रोल बदलायचा तो वाऱ्याकडे पाठ करून. आत गेलेला वाळूचा एक कण रोलभर सरळ रेघ ओढत जातो.

काहीजण विचारतात, एवढी खटपट कृष्णधवलसाठी कशाला? किनाऱ्यावर तर रंगच रंग असतात. प्रश्न रास्त आहे. रघुवीर सिंह यांच्यासारखा मोठा छायाचित्रकार आयुष्यभर रंगीत फिल्मच्या बाजूने उभा राहिला. भारत पाहायचा तो रंगांतूनच, असं त्यांचं म्हणणं, आणि 1998 च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘रिव्हर ऑफ कलर’ आहे. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण फुगे, गोळे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या यांचे रंग गेले, की माणूस उभा कसा आहे, हे आधी दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्स ड्यूपेन यांचा 1937 मधला ‘सनबेकर’ हा फोटो पाहा. वाळूवर पालथा पडलेला एक माणूस, जमिनीलगतून टिपलेला. डोकं, खांदे आणि हात, एवढंच. पण उन्हाळा अंगावर येतो.

रंग गेले तरी रंगांचं भान ठेवावंच लागतं. हिरवं लुगडं आणि त्याचे लाल काठ फोटोत एकाच करड्या छटेचे होऊ शकतात. आभाळ गडद व्हावं म्हणून लाल फिल्टर लावला, तर बाईच्या कपाळावरचं कुंकू जवळजवळ नाहीसं होतं, कारण लाल काच लाल रंगाला उजळ करते. त्यापेक्षा पिवळा फिल्टर बरा. पण तोही मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात फारसा उपयोगी नाही. तेव्हा मुंबईचं आभाळ धुरकट पांढरं असतं आणि पिवळी काच गडद करते ती निळाईला. महिनाअखेर ढग येऊ लागले, मध्ये निळे तुकडे दिसू लागले, की मग तिची गंमत पाहावी.

कृष्णधवल फिल्म आजही मिळते, महाग मिळते. पण हे सगळं फिल्मवाल्यांपुरतं नाही. तुमच्या हातातल्या मोबाइललाही आजी आणि समुद्र यांतलं नेमकं कोण महत्त्वाचं, हे नेहमी कळतंच असं नाही. फोटो काढण्याआधी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. तोही मग चेहऱ्याचा उजेड धरतो.

मी अजून दर मे महिन्यात एक रोल घेऊन जुहूला जातो. छत्तीस फोटो, त्याहून जास्त नाही. ओळख नसलेल्या माणसाला आधी विचारतो, पत्ता घेतो, प्रिंट पाठवतो. बहुतेकदा गावाहून आलेली म्हातारी माणसं असतात, पाण्यात पाय बुडवून हसत उभी. मी आधी हात पुढे करतो, तळहाताची मोजणी घेतो. त्यांना वाटतं, हा थांबायची खूण करतोय. ती थांबतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)