सिरोंच्याहून विमान गाठताना

विमानप्रवासाच्या आरोग्यसूचना वाचल्या, की त्या पुण्या-मुंबईच्या प्रवाशासाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाला विमानात बसणं हा प्रवासातला सर्वांत सोपा भाग. नागपूरचा विमानतळ साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, आणि आलापल्लीपर्यंतच्या रस्त्याचं पावसाळ्यात काय होतं ते एसटीच्या चालकालाच विचारावं. त्यामुळे बरेच जण गोदावरीचा पूल ओलांडून काळेश्वरमकडून वरंगळ, हैदराबाद गाठतात. वाटेत सोय नाही म्हणून बायका पाणी पिणंच टाळतात. विमानाच्या कोरड्या हवेत शिरण्याआधीच अंगातलं पाणी कमी झालेलं असतं.

विमान ३५ हजार फुटांवर असताना केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन तिथे नव्वदीच्या आसपास उतरतो आणि त्याला कळतही नाही. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र कळतं. ऑक्सिजन घटला की त्याच्या तांबड्या पेशी वाकड्या, ताठ होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरात पाणी कमी असेल तर आणखी लवकर. हाडं, छाती, पोट असह्य दुखू लागतं. गडचिरोली-चंद्रपुरात हा आजार घरोघरी माहीत आहे. म्हणून इथे विमानाच्या तिकिटाआधी रक्ताचा रिपोर्ट बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिपोर्टवर ‘एएस’ असेल, म्हणजे माणूस नुसता वाहक असेल, तर प्रवासी विमानात सहसा काही होत नाही. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर डॉक्टरांना विचारून ऑक्सिजनची सोय करावी, आणि दुखण्याचा झटका येऊन गेला असल्यास दहाएक दिवस थांबावं. हा फरक मोठमोठ्यांनाही उशिरा कळला. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने निव्वळ वाहक असलेल्या तरुणांना १९८१पर्यंत दार बंद ठेवलं होतं. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. त्यात तपासण्या वाढल्या, पण रिपोर्ट हातात देताना प्रवासाबद्दल कुणी दोन शब्द बोललं तर बरं.

सिकलसेल नसलं तरी हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर आधी डॉक्टर गाठावा. मलेरियातून उठलेल्यांनी तर नक्कीच. कोळसा खाणीत आयुष्य काढून छाती कमजोर झालेल्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. सपाटीवर पन्नास मीटर चालून धाप लागत नसेल तर बहुधा विमान झेपतं. पोटाचं ऑपरेशन करून हैदराबादेहून लगेच उडू नये, कारण वर गेल्यावर पोटात अडकलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते आणि टाक्यांवर ताण येतो.

गर्भवतीला बहुतेक कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत, जुळं असेल तर ३२पर्यंत नेतात. २८व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचा दाखला मागतात. भामरागडकडे पुरात अडकलेल्या गर्भवतीला हेलिकॉप्टरने आणतात, तिथे हा हिशेब लागू नाही. हेलिकॉप्टर खालून उडतं, ऑक्सिजनचा प्रश्न फारसा नसतो. अडचण असते ती आवाजाची, हादऱ्यांची आणि अरुंद जागेची. बाळ वाटेतच आलं तर डॉक्टरला हात हलवायला जागा नसते. त्यामुळे प्रसूती अगदी तोंडावर आलेली असेल तर उडवायचं की जागीच बाळंतपण करायचं, हे सोबतच्या डॉक्टरलाच ठरवावं लागतं.

आजारी प्रवाशासाठी विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म असतो. तो डॉक्टरांकडून भरून आधीच पाठवावा लागतो. ऑक्सिजन हवा असेल तर तसं निदान दोन-तीन दिवस आधी कळवावं. घरचा सिलिंडर विमानात चालत नाही, आणि हे विमानतळाच्या दारात कळलं तर सिरोंच्याला परत जायला अख्खा दिवस मोडतो.